दोन धातू, खारं पाणी आणि एक जुनी होडी

वडाळ्यात राहणाऱ्या माणसाला मीठ काय करतं, हे वेगळं सांगावं लागत नाही. पूर्वेकडून खाडीचा वारा येतो आणि खिडकीचे गज दर दोन-तीन पावसाळ्यांनी खरवडून रंगवावे लागतात. याच वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे-जूनमध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या चालून गेल्या होत्या. १ जूनला तर सत्याग्रही आणि बघे मिळून सुमारे १५ हजार माणसं इथे जमली होती. मिठाची ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आज मिठाची दुसरी गोष्ट ऐकू या. मीठ आणि धातू यांच्या वैराची. आणि त्यासाठी एका जुन्या होडीचं उदाहरण घेऊ.

ही होडी आपल्याकडची नाही. अमेरिका-कॅनडाच्या तळ्यांवर १९५० ते १९६० च्या दरम्यान ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या हजारो छोट्या मोटारहोड्या फिरू लागल्या. चौदा-पंधरा फूट लांबी, मागे काढता-घालता येणारं इंजिन आणि पुढे त्या काळच्या मोटारीसारखी वळणदार काच. त्यांतल्या पुष्कळशा आज कुणाच्या तरी शेतावरच्या गोदामात पडून आहेत. काच तडकलेली, तळ गळका. हौशी मंडळी त्या बाहेर काढतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. यात मुंबईकराने लक्ष घालण्यासारखं काय आहे? तर ती होडी नीट दुरुस्त करायला जे शहाणपण लागतं, ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या लाकडी जहाजांवर माणसाने मोठी किंमत मोजून मिळवलेलं आहे. अशी जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीतही बांधली जात होती.

सुरुवात १७६१ सालापासून करू. लाकडी जहाजाचा तळ समुद्रातले किडे पोखरतात, त्यावर शेवाळ आणि शिंपले चढतात. त्यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला आणि जहाज वेस्ट इंडिजला पाठवलं. १७६३ मध्ये ते परत आल्यावर तळ तपासला. लाकूड शाबूत होतं, पत्राही बराचसा चांगला होता. पण पत्रा आणि फळ्या धरून ठेवणारे लोखंडी खिळे काही ठिकाणी अक्षरशः विरघळून गेले होते. गंमत अशी, की काही खिळे मात्र धडधाकट होते. नीट पाहिल्यावर कळलं, की पत्रा ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आला होता, त्याचा तुकडा त्या खिळ्यांपाशी चुकून राहून गेला होता. कागदामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना शिवलं नव्हतं.

त्या वेळी विजेचा घट जन्माला यायचा होता. व्होल्टाने तो १८०० मध्ये जगापुढे आणला. ‘अलार्म’च्या तळाशी मात्र नकळत तोच घट चालू होता. दोन वेगळे धातू, त्यांचा एकमेकांना स्पर्श आणि भोवती खारं पाणी, एवढ्यावर प्रवाह सुरू होतो आणि दोहोंतला एक धातू झिजू लागतो. त्यातही तांब्याचा पत्रा अफाट मोठा आणि खिळा एवढासा असेल, तर सगळी झीज त्या खिळ्यावर येते. जहाज पत्र्यात मरत नाही, जोडात मरतं, हा त्यातला धडा. पुढे १७८० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने पाण्याखालचे लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने यापुढचं पाऊल टाकलं. तांबं झिजू नये म्हणून त्याने त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. प्रयोगासाठी घेतलेल्या जहाजांत ‘समरंग’ हे जहाज होतं, आणि ते कोचीनला बांधलेलं होतं. पण तांबं इतकं सुरक्षित झालं, की ते पाण्यात विरघळेना आणि त्यामुळे शिंपले-शेवाळ पुन्हा जोमाने चढू लागलं. नौदलाने तो उपाय तेव्हा सोडून दिला. कल्पना मात्र टिकली. आज पोलादी जहाजाच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात, त्यांचं काम हेच: आपण झिजायचं आणि जहाज वाचवायचं.

आता ॲल्युमिनियमकडे येऊ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द फारसा नसे. त्या म्हणत ‘जर्मनचं पातेलं’. जर्मन सिल्व्हर नावाचा निराळाच मिश्रधातू, त्याचं नाव बहुधा या पांढऱ्या भांड्यांना चिकटलं. आपल्या देशात या भांड्यांच्या धंद्याला १८९८ च्या सुमारास मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटरटन यांच्या प्रयत्नांतून सुरुवात झाली. जर्मनच्या भांड्यात चिंचेची आमटी ठेवू नये, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्यामागचं शास्त्र असं, की ॲल्युमिनियमवर हवेनेच एक अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तो आतल्या धातूचं रक्षण करतो. आंबटाने, सोड्याने तो थर उतरतो. मिठाने त्याला बारीक भोकं पडतात. म्हणून लोखंडासारखा तांबडा गंज न येता ॲल्युमिनियमवर पांढरी पूड येते आणि पुडीखाली खड्डा असतो.

१८८६ मध्ये हॉल आणि हेरू यांनी वेगवेगळ्या देशांत एकाच वेळी विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढायची रीत शोधली. मग नौकाबांधणाऱ्यांना हुरूप आला. १८९१ मध्ये झुरिकच्या एशर विस कंपनीने डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेलसाठी ॲल्युमिनियमची नौका बांधली. १८९५ मध्ये अमेरिकेत ‘डिफेंडर’ ही शर्यतीची शिडाची नौका तयार झाली. पाण्याखाली ब्राँझ, पाण्यावर ॲल्युमिनियम आणि आत पोलादाचा सांगाडा. म्हणजे ‘अलार्म’मध्ये दोन धातू होते, इथे तीन! नौका हलकी झाली, मानाचा ‘अमेरिका कप’ जिंकली आणि लगेच सडू लागली. १९०१ मध्ये ती मोडीत निघाली. ‘अलार्म’चा धडा कागदोपत्री होता, पण नवा धातू हाती आला की जुने धडे आठवत नाहीत.

ॲल्युमिनियमची होडी खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर आली. तोवर मॅग्नेशियम मिसळलेले, खाऱ्या पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारे मिश्रधातू तयार झाले होते. युद्ध संपत आलं आणि विमानांच्या कारखान्यांपुढे प्रश्न पडला, की आता बनवायचं काय? अमेरिकेच्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये पातळ पत्र्याच्या होड्या बाजारात आणल्या. पत्रा ताणून आकार देणं, रिव्हेट मारणं, हे सगळं विमानाचंच तंत्र होतं. पुढची काचही विमानातूनच आली. ती खरी काच नव्हेच. पर्स्पेक्स किंवा प्लेक्सिग्लास या नावांनी १९३० च्या दशकात बाजारात आलेलं ते ॲक्रिलिक. युद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोक्यावरचे पारदर्शक घुमट याचेच असत.

आता आपली होडी दुरुस्तीला घेऊ. पहिलं काम सोपं आहे. होडी घोडीवर पक्की टेकून आत थोडं पाणी भरायचं आणि बाहेरून कुठून थेंब येतात तिथे खडूने खूण करायची. गळती बहुतेक रिव्हेटपाशी असते. आपले कारागीर ज्याला ‘रिबीट’ म्हणतात, ते सैल झालं असेल तर दोन माणसं लागतात. एकाने आतून जड लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून ठोकायचं. बदलावंच लागलं, तर नवं रिव्हेटही ॲल्युमिनियमचंच हवं. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे जुना रंग काढायला वाळूचा जोरदार मारा केला तर रंगाबरोबर होडीच झिजते.

खरी परीक्षा यानंतर असते. तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावायचा नेहमीचा रंग तांब्याचा असतो. तो इथे चालत नाही. इंजिन जिथे टांगतात त्या मागच्या भिंतीत प्लायवूड असतं आणि ते कुजलेलं असतं. नवं घालताना वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेलं लाकूड घ्यावंसं वाटतं. पण त्या औषधांतही बहुधा तांबं असतं आणि ओल्या लाकडातून ते पत्रा खातं. तळाच्या ओलाव्यात तांब्याचं एखादं नाणं पडून राहिलं, तरी त्याखाली भोक पडू शकतं. ‘अलार्म’चा खिळा असा कुठल्याही रूपात परत येतो.

आणि आता काच. जुन्या ॲक्रिलिकवर बारीक तड्यांचं जाळं पसरलेलं असतं, आणि मोठे तडे बहुधा स्क्रूच्या भोकापासून निघालेले असतात. जुनी काच फेकून द्यायची नाही. तुकडे चिकटपट्टीने जोडायचे आणि त्यावरून जाड पुठ्ठ्यावर डावा-उजवा असे दोन्ही नमुने वेगवेगळे काढायचे, कारण चाळीस-पन्नास वर्षं वापरलेल्या होडीच्या दोन बाजू सारख्या राहिलेल्या नसतात. नवा तक्ता वरचा कागद न काढता कापायचा, भोक सावकाश पाडायचं. वळण जास्त असेल तर तक्ता भट्टीत मऊ करून साच्यावर पसरावा लागतो.

भोक स्क्रूपेक्षा मोठं का ठेवायचं, हे समजून घेण्यासारखं आहे. तापमान ३० अंशांनी वाढलं, तर एक मीटर ॲक्रिलिक साधारण दोन मिलिमीटर वाढतं. तेवढंच ॲल्युमिनियम एक मिलिमीटरही वाढत नाही. स्क्रू घट्ट आवळला की काचेला हलायला जागा उरत नाही आणि ती भोकापासून फाटते. म्हणून मधे रबराची किंवा व्हिनाइलची पट्टी हवी. आपल्याकडे बस-ट्रकची पुढची काच बसवणारे कारागीर रबराच्या खाचेत दोरी घालतात आणि ती ओढत ओढत रबर चौकटीवर चढवतात. त्यांना यातलं मर्म सांगावं लागणार नाही. स्क्रू पितळेचे शोभून दिसतात, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीत पितळ घालू नये. स्टेनलेस घ्यावेत आणि तेही नायलॉनचा वायसर घालून. ‘अलार्म’च्या तळाशी चुकून राहिलेल्या त्या तपकिरी कागदाचं काम इथे हा वायसर करतो. काच पुसायला स्पिरिट, थिनर नको. साबणाचं पाणी पुरे.

एवढं केल्यावर एक प्रश्न उरतो. काच नवी, लाकूड नवं, काही रिव्हेट नवी. मग जुनी होडी कुठे राहिली? याचं उत्तर मुंबईच्या दोन जहाजांवरून शोधता येईल. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानी ‘त्रिंकोमाली’ बांधली. १२ ऑक्टोबर १८१७ ला ती पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडातल्या हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिचं मोठं दुरुस्तीकाम २००१ मध्ये पुरं झालं. तिथेही अनेक जागी नवं लाकूड घालावं लागलं. दुसरी आपली ‘विक्रांत’. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ मध्ये धोकादायक ठरून बंद झाली आणि २०१४ मध्ये वडाळ्यापासून थोड्याच अंतरावर, दारूखान्यात, तिचे तुकडे झाले. ती युद्धात बुडाली नाही. खाऱ्या पाण्यात उभ्या पोलादाला वर्षानुवर्षं जो हात लागतो, तो पुरेसा लागला नाही.

म्हणून काय बदललं आणि का, याची नोंद ठेवून जे बदलावं लागतं ते बदलावं आणि जे टिकलं आहे त्याला धक्का लावू नये, एवढा नियम पाळला तर होडी जुनीच राहते. नोंद यासाठी, की पन्नास वर्षांनी ती दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. कुठे कोणता धातू कोणत्या धातूला टेकला आहे, हे त्याला कळलं पाहिजे. ‘अलार्म’ तपासणाऱ्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं, म्हणूनच आज एक वायसर कुठे घालायचा हे आपल्याला ठाऊक आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)