वकील परिषदेची निवडणूक आणि पक्षकाराप्रति उत्तरदायित्व : एक ऐतिहासिक अवलोकन

टोकावडे परिसरातील शेतकऱ्याचा जमिनीचा दावा मुरबाडच्या न्यायालयात चालतो. त्याचा वकील राज्याच्या वकील परिषदेचा मतदार असतो. वकिलाने विश्वासघात केल्यास शेतकऱ्याने दाद मागावयाची ती याच परिषदेकडे. मात्र तिच्या निवडणुकीत त्याला मत नसते. मग ही परिषद त्याला उत्तरदायी कशी ठरते, या प्रश्नाचा वेध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१९२६ च्या कायद्याने मुंबईसह काही उच्च न्यायालयांसाठी वकील परिषदा स्थापन झाल्या. १५ सदस्यांपैकी १० निर्वाचित, ४ उच्च न्यायालयाने नियुक्त केलेले आणि १ महाधिवक्ता असे. परिषदेच्या सदस्यांतील मंडळाने चौकशी करावी. शिक्षेचा अधिकार मात्र उच्च न्यायालयाचा होता.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ही रचना बदलली. १० हजारांहून अधिक मतदार असलेल्या राज्य परिषदेवर २५ सदस्य एकल संक्रमणीय मतपद्धतीने निवडले जाऊ लागले. मुदत ५ वर्षांची. तीत फार तर ६ महिन्यांची वाढ. निवडणूक वेळेत न झाल्यास विशेष समिती नेमण्याची तरतूद १९९३ मध्ये आली. सनद निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परिषदेच्या त्रिसदस्यीय शिस्तपालन समितीकडे आला. तिच्या निर्णयावर अपील भारतीय वकील परिषदेकडे आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे जाते.

या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन वकिलांच्याच हाती आहेत, कारण भारतीय परिषदेवरील सदस्यही मुख्यत्वे राज्य परिषदांनी निवडलेले असतात. म्हणूनच १९७५ चा निर्णय महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांबाहेर पक्षकार ओढणाऱ्या काही वकिलांना राज्य परिषदेच्या समितीने निलंबित केले; भारतीय परिषदेच्या समितीने त्यांना दोषमुक्त केले. राज्य परिषद स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. तिला तो अधिकार आहे काय, हा मुख्य प्रश्न होता. व्यवसायाची शुचिता राखणारी संस्था या नात्याने परिषद ‘व्यथित व्यक्ती’ ठरते, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने मानले.

तात्पर्य, निवडणुकीने परिषद वकिलांना उत्तरदायी झाली; पक्षकाराला ती उत्तरदायी राहते ती चौकशी आणि अपिलाच्या मार्गाने. तक्रारीचा निकाल १ वर्षात न लागल्यास प्रकरण भारतीय परिषदेकडे वर्ग होते. तथापि दिल्लीपर्यंतची तिसरी पायरी चढण्याचे बळ गावातील पक्षकारापाशी क्वचितच असते. ज्यांना मत नाही, त्यांच्यासाठी निर्वाचित परिषद ती पायरी स्वतः चढते काय, हीच तिच्या स्वायत्ततेची खरी कसोटी होय.