तळटीप १४ : गोजिरा

१४. तोहो कंपनीचा जपानी चित्रपट, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित. दिग्दर्शक इशिरो होंडा. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. चित्रपट समुद्रातल्या जहाजावरच सुरू होतो. जपानी प्रेक्षकाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. मूळ मजकुरात गोजिराचे राक्षसपट बालरंजनात गणले आहेत. पुढच्या अनेक भागांपुरते ते खरे आहे, पहिल्याबाबत मुळीच नाही. इस्पितळातली जखमींची दृश्ये पाहिल्यावर ते पटावे. राक्षसाच्या जडशीळ पोशाखात हारुओ नाकाजिमा होते. एइजी त्सुबुराया यांनी टोकियोच्या छोट्या प्रतिकृती बांधून कॅमेरा जास्त वेगाने चालवला, त्यामुळे पडद्यावरची हालचाल संथ, अजस्र वाटते. ते वजन आजही जाणवते. डरकाळीसाठी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या सैल तारांवर चामड्याचा हातमोजा घासण्याची युक्ती काढली. १९५६च्या अमेरिकी आवृत्तीत अभिनेते रेमंड बर यांची नवी दृश्ये घातली आणि अणुचाचण्यांविषयीचे बरेच बोलणे गाळले. वाचकांनी मूळ जपानी आवृत्तीच पाहावी. — संपा.