भीमाशंकराची राई

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून भीमाशंकराची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या भोवतालच्या अरण्याची कथा मात्र यात्रेकरूंच्या कानी क्वचितच पडते. पंढरीस चंद्रभागा म्हणून जिच्यात आपण स्नान करितो आणि गाणगापुरी जिच्या संगमावर हात जोडितो, ती भीमा येथेच उगम पावते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस ही झाडी मुळांशी धरून ठेविते व नदीस सावकाश देते.

मंदिराचे शिखर अठराव्या शतकात नाना फडणिसांनी बांधविले. १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तेथून आणलेली घंटाही देवळापुढे आहे. परंतु रान या बांधकामाहून पुष्कळ जुने. देवाच्या राईत कुऱ्हाड चालवावयाची नाही, हा दंडक येथील महादेव कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळिला. गोमंतकात सत्तरीच्या देवरायाही अशाच श्रद्धेने राहिल्या आहेत.

या रानाचे भूषण म्हणजे शेकरू. तांबूस पाठीची ही मोठी खार १८३१ साली कर्नल साइक्स याने शास्त्रज्ञांच्या नजरेस आणिली आणि तिला एल्फिन्स्टनचे नाव दिले. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. काटक्यापानांची घरटी उंच शेंड्यांवर बांधून ती फांदीवरून फांदीवर झेपावते. म्हणून झाडास झाड लागून असणे हेच तिचे जीवित. मध्ये रुंद रस्ता वा मोकळे मैदान आले, की तिची वाट खुंटली. तिच्या रक्षणार्थ १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले. आज शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

१९७०च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अनेक राया तुटत असल्याचे त्यांस आढळले. खेदाची गोष्ट ही, की कित्येक ठिकाणी देवळाच्या जीर्णोद्धारासाठीच राईतील वृक्ष विकले गेले. ज्या देवाने उघड्यावर राहून रान राखिले, त्यास छप्पर देताना आपण त्याचे रान काढून घेतले!

कायदा सीमा आखतो. पण राई टिकली ती गावाच्या मनातील धाकाने व भक्तीने. आपल्या ग्रामदेवतेच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढताना देवळामागील झाडांचीही नोंद व्हावी. तीही देवाचीच मालमत्ता आहेत.