घरचें काम आणि कामाचें घर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील लासूर स्टेशन ह्या गांवाच्या नांवांतच आगगाडी आहे. निजामी राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीं मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग चालूं झाला आणि अशा स्थानकांभोंवतीं पेठा वाढल्या. पेठेंतल्या माणसाला दिवसाचा शेवट कोणी सांगावा लागत नसे. बाजार उठला कीं दुकानाची फळी लागे. २०२० च्या मार्चांत टाळेबंदी आली, तेव्हां शहरांतील कचेऱ्या संगणकाच्या रूपानें अशाच गांवांतील घरांत येऊन बसल्या. त्या कचेऱ्यांना फळी नव्हती. काम चोख व्हावें आणि घर घरच राहावें, हें कसें साधावें, हा प्रश्न तेव्हांपासून अनेक कुटुंबांपुढें आहे. तो नवा समजला जातो; आम्हांस मात्र तो बराच जुना वाटतो.

ह्याच जिल्ह्यांतील पैठणचा विणकर पिढ्यान्‌पिढ्या घरींच कामाला बसे. पैठणीच्या पदराची बारीक नक्षी चांगल्या उजेडावांचून साधत नाहीं. म्हणून दिवस मावळला कीं हात थांबत. परंतु रेशीम उकलणें, कांड्या भरणें हीं कामें बहुधा घरांतील बायकामुलें करीत, आणि मजुरी मिळे ती विणलेल्या वस्त्राची. त्यांच्या श्रमाचा वेगळा हिशेब कोठेंच नसे.

पुढें गिरणीनें काम घराबाहेर नेलें. मुंबईंतील कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ सालीं चालूं झाली. गिरणीचा भोंगा जसा कामावर बोलावी, तसा सोडीहि; पण पुरेशी विश्रांति त्यानें आपण होऊन दिली नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून मजुरांना संघटित केलें, तेव्हां कुठें १८९० सालीं रविवारची सुटी त्यांच्या पदरीं पडली. १९४८ च्या कारखाने कायद्यानें प्रौढ कामगाराचा दिवस ९ तासांचा व आठवडा ४८ तासांचा ठरविला. मात्र ह्या कायद्याची सांवली कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोंचली. घरच्या उंबरठ्याआंत राबणारा तिच्या बाहेरच राहिला.

बुद्धीचें काम घरीं करणाऱ्यांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचें उदाहरण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बडोद्याची नोकरी १९२५ सालीं सोडून ते पुणें-मुंबई लोहमार्गावरील कामशेत ह्या लहानशा गांवीं राहिले. पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग त्यांनीं संपादिले, आणि मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत १९४६ ते १९४८ मध्यें, वयाच्या ऐंशीनंतर, प्रसिद्ध केला. सर जदुनाथ सरकार यांच्याशीं त्यांचा विचारविनिमय वर्षानुवर्षें पत्रांनीं चाले. पत्र टाकल्यावर उत्तर येईपर्यंतचे दिवस लिहिणाऱ्याचे स्वतःचे असत. त्या विलंबाला आम्ही उणीव म्हणत नाहीं. एकाग्रतेला त्यानें जागा करून दिली.

उजेड, भोंगा, टपाल ह्या तिन्ही गोष्टी माणसाला बाहेरून थांबवीत. आज विजेनें रात्र हटविली, संगणकानें फाटक उडविलें आणि खिशांतल्या फोननें उत्तराची सवड काढून घेतली. म्हणून सीमा आतां आपणच आंखली पाहिजे. ती एकट्याच्या मनोनिग्रहावर टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. गिरणीमजुराचा रविवार एकेकाच्या निश्चयानें मिळाला नव्हता. तो सर्वांनीं मागितला आणि मालकांनीं मान्य केला. त्याचप्रमाणें घरच्या कामाची वेळ घरांतील मंडळींनीं मिळून ठरवावी आणि काम देणाऱ्यानें ती पाळावी.

ती ठरवितांना एक चूक मात्र पुन्हां होऊं नये. एकाचें काम ज्या घरांत निर्वेध चालतें, तेथें मुलें सांभाळून, स्वयंपाक उरकून ती शांतता दुसरें कोणी राखीत असतें. तिचे तासहि मोजले गेले पाहिजेत. १८९० सालीं गिरणी रविवारीं बंद राहूं लागली. मजुराच्या घरची चूल त्या दिवशींहि पेटतच होती.