ड्राय

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप मिटतो. कुकरला खिचडी लावतो आणि सकाळपासून फ्रीझरमध्ये ठेवलेला ग्लास बाहेर काढतो. साठ मिली जिन, दहा मिली ड्राय व्हर्मूथ, भरपूर बर्फ. अर्धा मिनिट चमच्याने ढवळायचं, गाळायचं, वरून एक हिरवं ऑलिव्ह. टीव्हीवर एखादी जुनी मॅच. एकच ग्लास, तोही सावकाश. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमधला हा तास मला आठवडाभराचा शीण उतरवणारा वाटतो. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. निदान पुण्यात तरी नाही.

पण मी वर्ध्याचा आहे. मार्टिनी ‘ड्राय’ असते म्हणजे तिच्यातलं व्हर्मूथ गोड नसतं. वर्धा ‘ड्राय’ आहे म्हणजे तिथे 1974 पासून दारूबंदी आहे. इंग्रजीतला एकच शब्द, पण एका ठिकाणी तो चवीबद्दल बोलतो आणि दुसऱ्या ठिकाणी कायद्याबद्दल. या दोन ‘ड्राय’च्या मधे माझं घर आहे.

मार्च 2020 मध्ये कंपनीने घरून काम करायला सांगितलं आणि मी वर्ध्याला गेलो. फ्रिजमधली ऑलिव्हची अर्धी बरणी वाया जाईल म्हणून सोबत नेली. बाटली पुण्यातच ठेवली. आईने ती बरणी लोणच्याशेजारी ठेवली आणि विसरून गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला राज्यात दारूची दुकानं उघडली, तेव्हा बातम्यांत किलोमीटरभर लांब रांगा दिसत होत्या. आमच्याकडे रांग होती ती रेशनच्या दुकानासमोर. चॅनलवर चर्चा एकच: राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे, दुकानं उघडल्याशिवाय पगार कसे होणार?

आजी ते ऐकत होती. मी तिला सहज म्हटलं, पुण्यात मीही कधीकधी जिन घेतो.

“जिन? तुये आजोबा जिनातच होते ना कामाले, हिंगणघाटले.”

मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. आमच्या भागात जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. हा शब्द ‘इंजिन’चं आखूड रूप. माझ्या ग्लासातली जिन वेगळी, ती ‘जेनेव्हर’ या डच शब्दावरून आलेली. जेनेव्हर म्हणजे जुनिपर नावाच्या झुडपाचं फळ. आयुर्वेदात त्याला हपुषा म्हणतात, आणि गोव्यात बनणाऱ्या एका जिनला हेच नाव दिलेलं आहे. व्हर्मूथचं नाव ज्या कडू वनस्पतीवरून पडलं, तिच्याच कुळातला दवणा आपण जोतिबाला वाहतो. म्हणजे माझा परदेशी वाटणारा ग्लास तितकासा परका नाही. पण आजीला दुसरंच विचारायचं होतं.

“घेतल्यावर तुले राग येते का?”

मी म्हटलं, नाही, झोप येते.

“त्यायले लय येत होता.”

आजोबांच्या पिण्याबद्दल आमच्या घरात यापूर्वी कोणी कधी बोललं नव्हतं. हंगामात जिन रात्रंदिवस चालायचं, पगाराच्या दिवशी गेटबाहेर देशी दारूचं दुकान वाट बघत असायचं. पुढचं आजीने सांगितलं नाही. तिच्या डाव्या मनगटाचं हाड वाकडं का आहे, एवढं मात्र मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर रात्री काम संपल्यावर मी या विषयावर वाचत बसू लागलो. सुरुवात जिनपासूनच केली, कारण माझ्या मनात जिन म्हणजे काचेचा नाजूक ग्लास आणि सूट घातलेला माणूस. पण अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जिन ही गरिबांची दारू होती. स्वस्त, कडक, गल्लीबोळात मिळणारी. म्हणजे तिथली हातभट्टीच. 1736 साली ब्रिटिश संसदेने जिनविक्रीच्या परवान्याला वर्षाला 50 पौंड इतकी जबर फी लावली. परवाने जवळजवळ कोणी घेतलेच नाहीत, विक्री चोरून चालू राहिली आणि 1743 मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक. 1751 मध्ये नवा, जास्त व्यवहारी कायदा आला. त्याच वर्षी विल्यम होगार्थ या चित्रकाराने ‘जिन लेन’ हे चित्र छापलं. त्यात नशेतल्या आईच्या हातून तान्हं मूल खाली पडतंय. जोडीच्या चित्रात बिअर पिणारे लोक मात्र धष्टपुष्ट आणि आनंदी.

दीडशे-दोनशे वर्षांत तीच जिन दिवाणखान्यात पोहोचली. अमेरिकेत 1920 ते 1933 देशभर दारूबंदी होती. ती उठवणारे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये संध्याकाळी पाहुण्यांसाठी स्वतः मार्टिनी ढवळत. पेय तेच, पिणारा बदलला आणि पेयाची इज्जत बदलली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. विदर्भात, जंगलपट्ट्यात मोहाची दारू पूर्वापार होती. इंग्रजांनी ती थांबवली नाही, तिच्यावर मालकी सांगितली. मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला. 1892 च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्याकडे मोहाची फुलं बाळगण्यावरच बंधनं आली. आमच्या मध्य प्रांतातही ठेक्यांचे लिलाव होऊ लागले. घरी गाळली तर गुन्हा आणि ठेक्यावर विकत घेतली तर महसूल. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहरात दारूची दुकानं वाढताहेत म्हणून त्यांनी 1880 साली लेखी विरोध नोंदवला होता.

यानंतरचा धागा थेट वर्ध्यात येतो आणि तो मला शाळेत कोणी शिकवला नव्हता. 1919 च्या सुधारणांनी प्रांतांतली काही खाती भारतीय मंत्र्यांकडे आली. त्यांत शिक्षणही होतं आणि अबकारीही. म्हणजे शाळा चालवायच्या तर पैसा लागणार, आणि हाताशी असलेलं भरवशाचं उत्पन्न दारूचं. 1937 मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. त्यांना दारूबंदी करायची होती आणि शाळाही वाढवायच्या होत्या. दोन्ही एकदम कसं जमणार?

तेव्हा गांधी आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर राहत होते. 1934 मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले आणि 30 एप्रिल 1936 ला शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. दारूच्या पैशावर मुलांना शिकवायचं, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटत होती. त्यांचं उत्तर असं की शाळेनेच कमवावं. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं आणि त्या उत्पन्नातून शाळेचा निदान काही खर्च निघावा. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ जन्माला आली. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे सगळं दोन ओळींत असतं. त्यामागे दारूच्या महसुलाचा हिशेब होता, हे त्या दोन ओळींत नसतं.

टकळी चालवून शाळांचा खर्च निघाला नाही. पण विचारलेला प्रश्न खोटा नव्हता. 2020 च्या मे महिन्यात टीव्हीवर जे चाललं होतं ते 1937 चंच कोडं होतं. आजही पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे. तिच्यावरचा कर राज्यं स्वतः ठरवतात, आणि म्हणूनच ती राज्यांना सोडवत नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या 47व्या अनुच्छेदात दारूबंदीचं उद्दिष्ट लिहिलं गेलं. मुंबई राज्याने 1949 मध्ये दारूबंदी कायदा केला. महाराष्ट्रात आजही दारूचा कारभार त्याच कायद्याखाली चालतो. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे दारू ‘बंद’ आहे आणि आपण परवाना घेऊन पितो. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना विदेशी दारूसाठी, दोन रुपयांचा देशीसाठी. कडक दारूसाठी वयाची अट पंचवीस. पन्नासच्या दशकात मुंबईत तब्येतीच्या कारणावरून परवाना मिळायचा. डॉक्टरचं सर्टिफिकेट मिळवू शकणारा माणूस घरी बसून प्यायचा आणि झोपडपट्टीतल्या भट्टीवर धाड पडायची. साठच्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली.

वर्ध्यात मात्र 1974 मध्ये ती पुन्हा घट्ट झाली, कारण हा गांधी-विनोबांचा जिल्हा. पुढे 1993 मध्ये गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनातून बंदी आली. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपुरात आली, त्यासाठी बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या होत्या. चंद्रपूरची बंदी 2021 मध्ये उठवली गेली. अवैध विक्री वाढली, असं कारण सरकारने दिलं.

कारण खोटं नाही. वर्ध्यात दारू मिळते, हे वर्ध्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नागपूर, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, चहूबाजूंनी ओले जिल्हे आहेत. शाळेत असताना आमच्या पेपरात दर आठवड्याला जप्तीची बातमी असायची. कॉलेजात गेल्यावर मी हिरिरीने वाद घालायचो: जी बंदी पाळली जात नाही ती कशाला ठेवायची? एरर लपवणारा कोड लिहिला म्हणून सिस्टिम सुधारत नाही. त्यातून भेसळ होते, हप्ते सुरू होतात, गरीब पकडला जातो आणि गाडीवाला सुटतो. यातला एकही मुद्दा मी आजही मागे घेत नाही.

हे सगळं मी आजीला सांगितलं. विचारलं, चौऱ्याहत्तरला बंदी आली तेव्हा आजोबांची सुटली का?

“सुटते कशाची? गावाबाहेर भट्टी होती, तिथं जात.”

मग काय उपयोग झाला?

ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

“पयले म्या म्हटलं का पिऊ नका, तर म्हणत, सरकारच इकते, तुले काय त्रास हाय? बंद झाल्यावर थे म्हणाची सोय राह्यली नाही. मंग म्या म्हटलं, पोलिसाले सांगतो. सांगितलं नाही कधी. पण हात उचलाच्या आधी इचार करत.”

माझ्या सगळ्या वाचनात हा मुद्दा मला कुठेच सापडला नव्हता. मी बंदीचं यश-अपयश बाटल्यांत मोजत होतो: किती विकल्या गेल्या, किती पकडल्या. आजी ते दुसऱ्याच मापाने मोजत होती. सरकार कोणाच्या बाजूने उभं आहे, गुत्त्याच्या की तिच्या? कायदा ढिसाळ होता, पण भांडणात तिच्या तोंडी एक वाक्य आलं होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत बायका मतदान करून दुकान बंद पाडतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. त्या आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला चोरटी दारू दिसत नसेल, असं थोडंच आहे? नवऱ्याला देताना आपल्या बाजूने गावाचा शब्द असावा, एवढंच तिला हवं असतं.

म्हणून मी दारूबंदीवाला झालो का? नाही. वर्धा जिल्ह्याची बंदी उठावी की राहावी, यावर माझं मत अजून दोन्हीकडे झुकतं. पण माझा शुक्रवारचा ग्लास इतका निवांत का असतो, ते मला आता माहीत आहे. माझ्या फ्लॅटमध्ये माझ्या पिण्याला घाबरणारं कोणी नाही. पगार माझ्या खात्यात, दार माझं, ग्लास एक. तोच ग्लास जिनच्या गेटबाहेर ठेवला की त्याचा अर्थ बदलतो. आणि माझ्याकडे जो निवांतपणा आहे तो मार्टिनीने दिलेला नाही, तो आधीपासून होता. ती फक्त वरचं ऑलिव्ह.

आता वर्षातून तीन-चारदा शनिवार-रविवार जोडून घरी जातो. बॅगेत बाटली नसते. पोलिसांची भीती आहेच, पण नुसती तेवढीच नाही. ज्या घरात आजीला तिचं एक वाक्य मिळालं, त्या घरात ते मोडायची माझी इच्छा नाही.

ऑलिव्हची बरणी मात्र नेतो. लॉकडाऊनमधली ती पहिली बरणी आजीने एका दुपारी उघडली होती. एक ऑलिव्ह तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं आणि बी हातावर काढून पाहत बसली.

“खारट हाय. कायसोबत खातेत हे?”

मी म्हटलं, जिनसोबत.

“हव, मंग बरोबर हाय,” ती म्हणाली आणि दुसरं उचललं.