स्पिटफायरचं स्टीअरिंग स्वस्तात का दुरुस्त होतं?

पीएचडी कशावर करतेस, असं कुणी विचारलं की मी 'गाड्यांच्या सुट्या भागांचा इतिहास' असं सांगते आणि समोरचा माणूस विषय बदलतो. तुम्ही अजून वाचताय, तर एक कोडं घ्या. ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटनची दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. तिचं उत्पादन 1980 साली बंद झालं. तरीही आज तिचं ढिलं झालेलं स्टीअरिंग मालकाला घरच्या घरी, बेताच्या खर्चात नीट करता येतं. स्पोर्ट्स कार म्हणजे महागडे भाग, हे समीकरण इथे का चुकतं?

उत्तर आहे ट्रायम्फ हेराल्ड या साध्यासुध्या घरगुती गाडीत. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 साली प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली. एकसंध बॉडी करून देणारं हाताशी कुणी उरलं नाही. म्हणून 1959ची हेराल्ड जुन्या पद्धतीने वेगळ्या चासीवर बांधली आणि पत्र्याचे भाग वरून बोल्टने जोडले. केलं ते नाइलाजाने. पण चासी वेगळी असली की ती तोकडी करून वर दुसरीच बॉडी चढवता येते. 1962ची स्पिटफायर अशीच जन्मली. वर मिकेलोत्तीने रेखलेली देखणी बॉडी, खाली हेराल्डच्या घरातलं रॅक अँड पिनियन स्टीअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन. लोटसनेसुद्धा सेव्हन आणि इलानसाठी ट्रायम्फच्याच कपाटात हात घातला. आपल्याकडे मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्डही याच कुळातली. घरात कुणी सत्तरीपुढचं असेल तर विचारून बघा, आठवण निघेल.

हेराल्ड पाच लाखांहून जास्त बनल्या, स्पिटफायर तीन लाखांहून जास्त. एवढ्या गाड्यांना जवळपास तेच भाग लागणार असतील, तर मूळ कारखाना बंद पडला तरी ते बनवून विकणं परवडतं. माझा मुद्दा एवढाच: आज मालकाला मिळणारी स्वस्ताई ही 1950च्या दशकातल्या कंपनीच्या अडचणीची लांबलेली सावली आहे.

आता गाडीखाली जाऊ, कारण कागदपत्रांत न दिसणारं बरंच तिथे कळतं. स्टीअरिंगला प्ले आला की लोक थेट नवीन रॅक मागवतात. थांबा. रॅक चासीला धरून ठेवतात ती रबरं आधी बघा. इंजिनाचं तेल पिऊन ती मऊ पडतात आणि चाक फिरवलं की सगळा रॅकच आडवा सरकतो. सगळ्यात स्वस्त भाग, आणि पुष्कळदा दोष तिथेच. मग टाय रॉड एंड. जुना काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवा, म्हणजे नवीन साधारण त्याच जागी बसेल. टो-इन तरीही नंतर तपासून घ्यायलाच हवं. रॅकच्या आतला थोडासा प्ले तर पातळ शिम कमी करूनही जातो.

एक भाग मात्र स्वस्त म्हणून दुर्लक्षायचा नाही, तो म्हणजे ट्रनियन. चाक ज्या उभ्या लिंकवर वळतं, तिचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. चाक वळवलं की स्क्रू थोडा आत, थोडा बाहेर. कंपनीची सूचना होती की इथे ग्रीस नको, गिअरबॉक्ससारखं घट्ट तेल भरा, ईपी 90. पण भरायचं ते ग्रीस गननेच, म्हणून कितीतरी गॅरेजांत सरळ ग्रीस गेलं. ग्रीस आट्यांत नीट पसरत नाही, पाणी शिरतं, पोलाद आतून गंजतं. एके दिवशी लिंक आट्यांपाशी तुटते आणि चाक दुमडून गाडी खाली बसते. हे पार्किंगमध्ये, चाक पूर्ण वळवलेलं असताना झालं तर नशीब.

त्यामुळे ट्रनियन नवीन टाकताना लिंकचे आटे पुसून उजेडात बघा. गंजाचे खड्डे दिसले तर लिंकही बदला, नुसतं पितळ बदलून भागत नाही. आणि मागवताना डावी की उजवी ते नीट सांगा, दोन्हींचे आटे उलट दिशेचे असतात.