रिळाचा डबा आणि सांकेतिक किल्ली

चित्रपटगृहांच्या इतिहासात मालकाच्या निर्णयास आपण वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो, असे मला वाटते. जामबागेतील श्रोत्यांना दूरचे उदाहरण नको. याच हैदराबादेत धीरेन गांगुली यांनी १९२२ मध्ये ‘लोटस फिल्म कंपनी’ काढली. १९२४ साली ‘रझिया बेगम’ दाखविल्यामुळे निजामाची गैरमर्जी झाली आणि त्यांना संस्थान सोडावे लागले. पडद्यावर काय दिसावे हे ठरविणारा हात बहुधा चित्रपटगृहाबाहेरच असतो.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. पुढे काही वर्षांतच ध्वनियंत्र न घेणाऱ्यापुढे लावण्यास नवा चित्रपटच उरला नाही. पडद्याजवळ पेटी-तबला वाजविणाऱ्यांना तर कोणी विचारलेही नाही.

२००५ नंतर डिजिटल प्रक्षेपणाने हेच घडविले. मिनिटाला ९० फूट या गतीने अडीच तासांच्या चित्रपटास १३,५०० फूट फिल्म लागे. एकेक प्रत महागडी, म्हणून प्रती मोजक्या निघत. त्या मोठ्या शहरांतून फिरून, ओरखडे घेऊन, तुटून-जोडून तालुक्याच्या गावी पोचत. तोवर तेथे चोरटी सीडी पोचलेली असे! उपग्रहावरून चित्रपट येऊ लागल्यावर लहान गावालाही पहिल्याच शुक्रवारी नवा खेळ मिळू लागला. हा लाभ खरा आहे. रिळाच्या हळहळीत तो विसरणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र डबा हाती असेपर्यंत यंत्र मालकाच्या इच्छेने फिरे. आता ठरावीक मुदतीची सांकेतिक किल्ली बाहेरून आल्याविना ते चालत नाही.

महाराष्ट्रातील जत्रांतून फिरणाऱ्या तंबूवाल्यांची कोंडी याहून बिकट. हंगाम चार-सहा महिन्यांचा, यंत्र ट्रकवर, वीज जनित्राची. जुना प्रक्षेपक दातेरी चाकांवर आणि तेलपाण्यावर चाले, बिघडला तर कारागीर हातांनी दुरुस्त करी. नव्यासाठी भांडवल कोठून आणावे? आणि न आणावे तर? जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटांच्या प्रतींची फिल्म बनविणे थांबविले. प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उत्तर ठरले होते.

शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात हा काळ जपला गेला आहे. त्यात प्रक्षेपक दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर आहे. त्याने स्वतःच्या कल्पनेने सुधारलेला नवा प्रक्षेपक बनविला आहे. तो मोठ्या हौसेने दाखवितो; घेणारा कोणी नाही.